हिरवं बटण

मोटार परत ट्रिप झाली. बोअरशेजारच्या खोपटात भिंतीला बसवलेल्या नव्या पेटीकडे गहिनीनाथांनी नाराजीने पाहिलं आणि लेकीला सांगून टाकलं की आता आणखी एकदा असं झालं, की ही काढायची आणि जुना स्टार्टर बसवायचा.

पेटी लेकीने, योगितानेच बनवली होती. आतला प्रोग्राम सी भाषेत, तयार काही उसनं न घेता लिहिलेला. काचेच्या पडद्यावरची छोटी खिडकी, तिच्यातलं हिरवं बटण, सगळं तिने ठिपक्या-ठिपक्याने काढलं होतं. बटणाला बोट लावलं की मोटार चालू आणि बटण लाल. परत लावलं की बंद. शेजारचे बागायतदार विजयसिंह मुद्दाम बघायला आले होते. पेटी चालली तर ते आपल्या सगळ्या बोअरवर बसवणार होते, आणि योगिता इथेच, घाटनांदूरला राहून हेच काम करणार होती. नाही चालली तर सोमवारी पुण्याला, मामाने बघून ठेवलेल्या कॉल सेंटरात, दिवसभर लोकांच्या शिव्या खायला.

वैताग असा, की तिने स्वतः बटण दाबलं की मोटार शहाण्यासारखी चालायची. आईने दाबलं की दोन आचके द्यायची आणि बंद. आणि मोटार रोज चालवायची ती आईच. साखराबाईचे कान पार गेलेले. ती कडेला उभी राहून एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, एकदा लेकीच्या.

"जी पेटी तुझ्या आईला जमत न्हाई, ती काय कामाची?" गहिनीनाथ म्हणाले.

योगिताचा पाय एका जागी ठरेना. लाईट कधी जाईल त्याचा नेम नव्हता. शेवटी खताच्या पोत्यावर बसून तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. प्रोग्रामचं काम तसं साधं होतं. बोट टेकलं की पडदा एक खबर पाठवतो, उचललं की दुसरी. खबरा रांगेत उभ्या राहतात आणि प्रोग्राम एकेक उचलून काय करायचं ते ठरवतो. प्रत्येक खबर लॅपटॉपवर दिसावी अशी एक ओळ तिने घातली, मोटारीकडे जाणारी वायर सोडवली आणि आईला खुणेने बटण दाबायला सांगितलं.

टेकलं. टेकलं. टेकलं. ओळींमागून ओळी येत राहिल्या, 'उचललं' काही येईना. बोट काचेवर राहिलं की पडदा तीच खबर पुन्हा पुन्हा पाठवत होता, आणि तिचा प्रोग्राम प्रत्येक वेळी नवं बोट समजून चालू, बंद, चालू, बंद करत सुटला होता. योगिताने मान वर केली. आईचा अंगठा काचेवर गच्च रुतलेला. व्होल्टेज कमी असलं की जुन्या स्टार्टरचं बटण मोटार पकडेपर्यंत असंच धरून ठेवावं लागायचं. योगिता मात्र मोबाईलवर टिचकी मारावी तशी टिचकी मारून मोकळी व्हायची. तिला हसूही आलं आणि स्वतःचा रागही.

दुरुस्ती किरकोळ निघाली. बोट उचलेपर्यंत पुढची खबर धरायचीच नाही. वायर जोडून तिने आईला पुन्हा दाबायला सांगितलं. या वेळी आचका बसला नाही. थोड्या वेळाने लांबच्या हौदात पाणी पडल्याचा आवाज आला. गहिनीनाथांचा चेहरा खुलला. विजयसिंहांनी सोमवारीच मळ्यावर यायला सांगितलं आणि ते मोटारसायकलकडे निघाले. योगिताला आनंद मावेना.

मग तिचं आईकडे लक्ष गेलं. साखराबाई अजून बटण दाबूनच उभी होती. लाल झालेलं बटण तिच्या रुंद अंगठ्याखाली झाकलेलं. कपाळाला आठ्या घालून ती दुसऱ्या हाताने पेटी चाचपत होती. योगिताने तिचा हात धरून बाजूला केला आणि चालू झाल्याची खूण केली.

"झाली व्हय?" साखराबाई म्हणाली. "जुन्याला हात लावला की घरघर हाताला लागायची, मग कळायचं. तुझी पेटी लई मुकी हाय गं, योगे."

बाहेर विजयसिंह किक मारत होते. योगिता धावत गेली आणि त्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"काका, सोमवारी न्हाई जमायचं," ती म्हणाली. "पेटी अजून झाली न्हाई."