तिसऱ्या मजल्यावरचे काका

एकशे बारा सिनेमांत तिच्या बाबांनी लोकांना पोट धरधरून हसवलं, पण पोस्टरवर त्यांचं नाव एकदाही झळकलं नाही. म्हातारपणी तर बिल्डिंगमध्ये ते नुसते 'तिसऱ्या मजल्यावरचे काका' होऊन राहिले.

आज सकाळी ते गेले. लेकीने डोळे पुसत बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, "बाबा गेले. सिनेमात कामं करायचे ते."

"अगंबाई! आम्हाला कधी कळलंच नाही गं," असं लिहून खालच्या काकूंनी सोबत एक रडणारं स्टिकर टाकलं. बघता बघता आणखी तेवीस जणांनी तेच स्टिकर पुढे ढकललं. तिने ते बोटाने मोठं करून पाहिलं.


टोपी वाकडी करून भोकाड पसरलेला तो माणूस म्हणजे तरुणपणचे बाबाच होते.