जाळीचं दार

मगर पकडणारा माणूस आला तेव्हा वर्लिन दलदलीकाठच्या उद्यानात आपल्या आरव्हीच्या, म्हणजे राहत्या गाडीच्या, सावलीत खुर्ची टाकून बसला होता. मान वर करायची त्याची छाती होत नव्हती.

प्रकार सकाळीच झाला होता. शेजारच्या गाडीतली मार्गो कुत्रीला घेऊन पाण्याच्या कडेनं चालली होती. एरवी ओंडक्यासारखी पडून असणारी ती मोठी मगर दलदलीतून उठली, काठ चढून थेट गाड्यांच्या रांगेपर्यंत आली. कुत्री थोडक्यात वाचली. संध्याकाळ झाली तरी मार्गो तिला उराशी धरून होती.

उद्यानाची रक्षक आली, तरुण पोरगीच होती. या मगरीला खायला कोणी घातलं, एवढंच तिनं सगळ्यांना विचारलं. माणसाला भिणारं जनावर उगाच माणसाच्या दारात येत नाही.

चोराच्या मनात चांदणं. कोणी आपल्याकडे बघायच्या आत वर्लिनच बोलून गेला, "काल गेली ना, ती तंबूवाली पोरं. नुसता धिंगाणा चालला होता त्यांचा. त्यांचेच उद्योग असणार."

रक्षक पोरीनं मान डोलावली. वर्लिनची बायको नोरीन खिडकीशी बटाटे सोलत होती. तिची सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. नवऱ्याला सांभाळून घ्यायची तिला सवयच होती.

तसं बघितलं तर गोष्ट एवढीशी. ओहायोतली नात, टेगन, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मगर बघायला यायची. पहिल्या दिवशी मगर ढिम्म हलेना. "ही खोटी आहे, आजोबा," म्हणत पोरगी फोन टाकून खेळायला पळाली. ते वर्लिनच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सॉसेज फेकलं, मगर उसळली आणि टेगन हसून हसून लोळली. मग रोजचंच झालं. फोन वाजला की हा सॉसेज घेऊन बाहेर, मागे गाडीचं जाळीचं दार आपटायचं. त्याची स्प्रिंग बिघडलेली, दार एकदा आपटून उसळी खायचं आणि पुन्हा आपटायचं. दुरुस्त कर म्हणून नोरीन सगळ्या प्रवासभर त्याच्या मागे लागली होती. काठावर 'मगरींना खायला घालू नका' अशी पाटी होती. तिच्यावर वर्लिन टॉवेल वाळत घालायचा.

"आता हिचं काय करणार?" नोरीननं विचारलं.

"लांब सोडली तरी दुसऱ्या कुणाच्या दारात जाईल," रक्षक म्हणाली. "माणसाच्या हातचं खायची चटक लागली की संपलंच, आजी. मारावी लागते."

वर्लिनला वाटलं, आता तरी बोलावं. मगर काही वाचणार नव्हती, पण त्या पोरांच्या माथ्यावरचं खापर तरी निघालं असतं. स्वतःची लाज वाटत होती आणि तोंड उघडत नव्हतं.

मगर पकडणाऱ्यानं काठावर मांस ठेवलं, पाण्यावर काठी आपटून पाहिली. मगर दूर पाण्यातच राहिली, नुसते डोळे वर. शेवटी वैतागून त्यानं सगळ्यांना आत जायला सांगितलं.

एकेक दार लागलं. वर्लिन सगळ्यात शेवटी उठला. आत शिरून त्यानं जाळीचं दार दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू ओढत आणलं. हात घामेजले होते. दार सुटलं.

धाड. आणि पुन्हा, धाड.

मगरीनं तोंड वळवलं. काठावर आली, मांसाकडे ढुंकूनही न बघता त्या माणसाच्या बाजूनं पुढे गेली आणि वर्लिनच्या पायरीशी येऊन थांबली. जबडा थोडासा उघडा ठेवून तिथंच वाट बघत राहिली. मार्गो खिडकीतून बघत होती. रक्षक बघत होती. दोर हातात घेतलेला माणूससुद्धा मगर सोडून वर्लिनकडेच बघत होता. वर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आत फोन वाजला. नोरीननं उचलला, थोडं ऐकलं आणि त्याच्यापुढे धरला.

"टेगन आहे," ती म्हणाली. "मगर दाखवा म्हणते."