कॉट विकणे आहे

ॲपवरच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘रुग्णाची कॉट, आता वापरात नाही, शुक्रवारी घेऊन जा.’ हल्ली जुन्या वस्तूबद्दल मालकाला विचारायची पद्धतच राहिली नव्हती. वस्तूला खोटं बोलता येत नाही, म्हणून वैजयंतीने थेट कॉटलाच फोन लावला.

“डोक्याकडची बाजू नीट वर होते का?”

“होते. आत्ताच केली,” कॉट म्हणाली. “आजोबांना दूध प्यायचं होतं.”

वैजयंतीने जाहिरात पुन्हा वाचली. “म्हणजे अजून कुणी झोपतं तिथे?”

“हो. वजन अडतीस किलो. गेल्या सोमवारी एक्केचाळीस होतं.”

फोन ठेवून द्यावा, असं तिला वाटलं. पण समोर जमिनीवर तिची आई पाठीवरच्या जखमांनी कण्हत होती आणि नवी कॉट परवडणारी नव्हती. तिच्या तोंडून निघून गेलं, “मग रिकामी कधी होईल?”

कॉटला ते माहीत नव्हतं. पण तिच्यावरूनच एक थकलेला आवाज आला.

“गादी मऊ आहे हो बाई, घ्या तुम्ही. मुलानं शुक्रवार सांगितलाय ना, बघतो जमतंय का.”