रिकामा डबा

"म्हैस झालीयेस नुसती!" मामाच्या लग्नासाठी शिवलेल्या घागऱ्याची चेन ओढता ओढता आई म्हणाली. नववीतली शाल्मलीही तिच्याबरोबर खो खो हसली.

त्यानंतर महिनाभर तिचा शाळेचा डबा चाटूनपुसून रिकामा येत होता. पोरगी एकदाची पालक, मटकी खायला लागली म्हणून आई हरखली.

आज शाल्मली प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. आई धावत शाळेत पोचली. शिपाईमावशी लेकीला वारा घालत होत्या.

"चव आहे हो तुमच्या हाताला," मावशी म्हणाल्या. "पोरीच्या हाती रोज माझ्यासाठी डबा पाठवता. कोण करतं एवढं?"

गणवेशाचा पट्टा सैल करायला आईनं हात घातला, तर त्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं होती.

शाल्मलीनं डोळे उघडले. "आई, घागरा बसेल ना गं आता?"