ऑगस्टची बोट

“मेलबर्नहून? आणि तेही ऑगस्टमध्ये?” सुनेत्राने चहाचा कप खाली ठेवला. “अजित, ऐन हिवाळ्यात हाडं गोठतात तिथे.”

“पहिले एक-दोन दिवसच गं,” फोनवरून अजित म्हणाला. “बोट उत्तरेला लागली की ऊनच ऊन. पार क्वीन्सलंडपर्यंत जाऊन परत.”

“मग सिडनीहून सुटणारी बघ की. मी ट्रेनने जाईन बंदरावर.”

“सिडनी तुझी. तिथे मी पाहुणा होणार आणि तू पोळ्या लाटत बसणार. ॲडलेडला तू आलीस की उलट. मेलबर्न दोघांचंही नाही, तेच बरं.”

रोज सकाळी हे असंच चालायचं. ती सिडनीत ब्लॅकटाउनच्या फ्लॅटमध्ये, तो ॲडलेडला मॉसन लेक्समध्ये युनिव्हर्सिटीजवळच्या घरात. दोघांचेही फोन साखरेच्या डब्याला टेकवलेले. कोविड आला, राज्यांच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा तो तिकडे होता आणि ती इकडे. त्या पहिल्या हिवाळ्यात मराठी मंडळाने ऑनलाइन अंताक्षरी सुरू केली. दोघं एकाच गटात असायची आणि हमखास हरायची. अंताक्षरी पुढे बंद पडली, सकाळचा चहा मात्र चुकला नाही. त्याच्या कुकरची शिट्टी कशी अडकत अडकत होते, हे तिला पाठ होतं. बोलता बोलता मध्येच तो विचारायचा, “बीपीची गोळी घेतलीस?” आणि ती न घेतलेली गोळी उठून घ्यायची.

२०२२ उजाडलं. सीमा उघडल्या. जानेवारीत तो यायचा होता, तर सुनेत्रा पॉझिटिव्ह निघाली. ईस्टरला ती जाणार होती, तर ऐन वेळी फार्मसीत शिफ्ट लागली. ती शिफ्ट तिने स्वतःच मागून घेतली होती, हे अजितला माहीत नव्हतं.

देवयानीला माहीत होतं. ती फार्मसीत सुनेत्राच्या शेजारच्याच काउंटरवर असायची.

“आता बोटीवर न जायचं काय कारण सांगणार आहेस?” देवयानीने विचारलं.

“कारण कशाला सांगायला पाहिजे? बातम्या बघतेस ना? परवाच एक बोट परत आली, अर्धे लोक खोकत होते. म्हणून म्हटलं, निदान केबिन तरी दोन वेगळ्या घे. एकाला झालं तर दुसरा वाचेल. तर लगेच हो म्हणाला.”

“बघ, किती समजूतदार आहे. आणखी किती दिवस असा फोनवर संसार करणार तुम्ही?”

सुनेत्रा औषधांच्या पुड्यांवर लेबलं चिकटवत राहिली. मग हळूच म्हणाली, “फोनवर बिनसलं तर फोन ठेवता येतो गं. बोटीवर काय ठेवणार? चारी बाजूंनी पाणी.”

“माणूस तोच आहे ना?”

“तेच तर कळत नाही.”

शुक्रवारपर्यंत बुकिंग पक्कं करायचं होतं. गुरुवारी सकाळी नाही म्हणून सांगायचं, असं ठरवूनच ती झोपली.

गुरुवारी सकाळी फोन आलाच नाही.

तिने लावला. वाजून वाजून थांबला. चहा तसाच ठेवून ती कामावर गेली. ब्रेकमध्ये लावला, लंचला लावला. मेसेजवर निळी खूण दिसेना. त्याच्या शेजाऱ्यांचा नंबर तिच्याकडे नव्हता, युनिव्हर्सिटीतल्या कुणाचा नव्हता. एका गिऱ्हाइकाला तिने दुसऱ्याचंच औषध काढून दिलं. देवयानीने ते वेळीच बघितलं आणि तिला मागच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं.

“त्याला काही झालं तर मला सांगणारही कोणी नाही,” सुनेत्रा म्हणाली आणि रडायलाच लागली.

दुपारी फोन वाजला. अजितचा आवाज ओळखू येत नव्हता.

“ताप होता गं रात्रभर. फोन कुठे पडला तेही कळलं नाही. आत्ता टेस्ट केली, दोन रेघा आल्या. घाबरू नकोस, आता बरं वाटतंय.”

“काही खाल्लंस का?”

“बिस्किटं.”

“बिस्किटं!” तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग उफाळून आला. “मुगाची खिचडी लाव. आत्ता. मी फोनवर थांबते.”

कुकरची शिट्टी अडकत अडकत झाली. ती ऐकून सुनेत्राने डोळे पुसले.

“अजित, ते बुकिंग करून टाक.”

“आणि थंडी?”

“स्वेटर आहेत माझ्याकडे. बोटीवर निदान तुझं दार तरी ठोठावता येईल मला.”

ऑगस्टमध्ये मेलबर्नच्या धक्क्यावर वारा नुसता बोचत होता. सुनेत्राची सकाळची टेस्ट निगेटिव्ह आली होती. समोर ती भली मोठी पांढरी बोट, आणि आजूबाजूला टोप्या, मफलर, मास्क घातलेली माणसं. देवयानीने सकाळपासून तीन मेसेज टाकले होते. तिसऱ्यात नुसतं लिहिलं होतं, “परत फिरू नकोस.”

सुनेत्राचे पाय दोनदा टॅक्सीच्या रांगेकडे वळले होते. दोन्ही वेळा तिने ते मागे आणले.

गर्दीतून एक गृहस्थ बॅग ओढत सरळ तिच्याकडे आला. दोन पावलांवर थांबला. त्याने मास्क खाली केला. तिनेही केला.

“एवढी उंच आहेस तू?” अजित म्हणाला. “स्क्रीनवर कधी कळलंच नाही.”

“पहिल्याच भेटीत माझी उंची काढतोस?” सुनेत्रा म्हणाली, आणि हसत हसत तिने हात पुढे केला.