काळा झेंडा

बाळांनो, डोळे मिटा आणि असं समजा की शर्यतीच्या रस्त्यावर एका वळणापाशी तुम्ही झेंडे घेऊन उभे आहात. मुलांच्या छोट्या मोटरसायकली घोंघावत येताहेत आणि सगळ्यांच्या बरीच पुढे तुमचीच मुलगी आहे.

एका झेंडेवाल्याचं अगदी असंच झालं. शेवटची फेरी होती. लेक पहिली येणार हे त्याला लांबूनच दिसत होतं, आणि तिच्या गाडीतून तेल गळतंय, हेही. तेलावरून मागच्या गाड्या घसरतात, म्हणून अशा गाडीला काळा झेंडा दाखवून बाहेर काढायचं असतं.

"काका, थोडंच तर राहिलंय, आता कशाला? दिसलंच नाही म्हणा," शेजारी उभा असलेला दुसरा झेंडेवाला म्हणाला. "नाहीतर आज घरी उपाशी झोपाल."

"झोपेन. मागून येणारी पोरंही कुणाची तरी आहेत," असं म्हणून त्याने काळा झेंडा वर धरला.

पुष्कळ जण तो न पाहिल्यासारखं करून निघून जातात. लेकीने मात्र हात वर केला आणि गाडी रस्त्याबाहेर, बापापाशी आणली.

"बाबा, जिंकत होते मी." तिने हेल्मेट काढलं.

"हो गं, बघत होतो ना."

"तेल रस्त्यावर पण सांडलंय?"

"सांडलंय."

मागच्या गाड्या जवळ येत होत्या. तिने बाहीला नाक पुसलं, निसरड्या रस्त्याचा लाल-पिवळा झेंडा उचलला आणि आता तिच्याऐवजी जिंकणार असलेल्या मुलांना दिसावा म्हणून टाचा उंचावून उभी राहिली.