गुरुवारचा रोस्ट

जावयाची मोटरसायकल कोपऱ्यावरून वळली आणि अप्पांनी स्लो कुकरचं बटण बंद केलं.

त्याचा लाल दिवा विझला तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. मोतीबिंदू काढला तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं.

दिवसभर मंद आचेवर आपोआप शिजवणारं ते विजेचं भांडं घरात येऊन दोन आठवडे झाले होते. सकाळी डुकराच्या खांद्याचं मांस त्यात टाकायचं, कांदे, लसूण, दोन सफरचंदं, मिरी, वरून झाकण. मग खुशाल कामावर जायचं. संध्याकाळी येऊन झाकण काढलं की जेवण तयार! याला काय स्वयंपाक म्हणायचं? कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं रोज चारशे ताटांचं रांधणाऱ्या माणसाने हे मुकाट्याने बघायचं? लेकीकडे राहायला आल्यापासून गुरुवारचा रोस्ट अप्पांचा होता. आठवड्यातलं तेवढं एकच जेवण त्यांच्या वाट्याचं. आणि हा बस डेपोतला मेकॅनिक, ज्याला कधी धड चहा जमला नाही, तो भांडं घेऊन आला आणि म्हणाला, "अप्पा, आता तुम्ही आराम करा."

आराम! नुसता जळफळाट झाला जिवाचा. त्यात गेल्या गुरुवारी सात वर्षांच्या नातीने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. अप्पांच्या रोस्टला तिने दोनदापेक्षा जास्त कधी मागितलं नव्हतं. अप्पांच्या बरोबर लक्षात होतं.

बेत साधा होता. दुपारपर्यंत बटण बंद, मग चालू. संध्याकाळी मांस चिवट, आतून कच्चं, आणि जावयाचं तोंड बघण्यासारखं. कुणी विचारलंच तर म्हणायचं, यंत्राचा काय भरवसा बाबा.

लेक कामावर, नात शाळेत; ते पेपर घेऊन बसले. एकच बातमी चारदा वाचली. अर्ध्या तासाने उठून भांड्याला हात लावला. कोमट. धड गार नाही, धड गरम नाही. कोमट मांस दुपारपर्यंत ठेवलं तर काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. नातीचं एवढंसं पोट डोळ्यांसमोर आलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातचं खाऊन कुणाचं पोट दुखलं नव्हतं.

"पण हे माझ्या हातचं आहेच कुठे!" ते भांड्यावरच खेकसले. भांडं काय बोलणार?

नुसतं बटण चालू केलं असतं तरी भागलं असतं. पण त्यांनी झाकण उघडलं, आणि आतलं ते फिकट, ओलं मांस बघून त्यांना राहवेना.

"साधं भाजूनही घेतलं नाही गाढवाने!"

मांस बाहेर काढलं, फडक्याने टिपून कोरडं केलं, मीठ चोळलं. जाड बुडाचं पातेलं चांगलं तापवलं आणि मांस चारी बाजूंनी तांबूस होईपर्यंत भाजलं. मग आच मंद केली, कांदे-सफरचंदं घातली आणि स्टूल ओढून तिथेच ठाण मांडलं. दर वीस मिनिटांनी उलटायचं, सुटलेला रस चमच्याने वरून सोडायचा. स्वतः जेवायचं विसरले. चार तासांनी सुरी नुसती टेकवली तर आत गेली. सगळं उचलून भांड्यात भरलं, झाकण लावलं, लाल दिवा लावला. पातेलं घासून जागच्या जागी, खिडक्या सताड उघड्या. कँटीनची तपासणी असायची तेव्हासुद्धा त्यांनी एवढी सफाई केली नसेल.

संध्याकाळी चौघं जेवायला बसली. पहिल्याच घासाला लेकीने डोळे मिटले.

"काय केलंस काय रे आज?" ती नवऱ्याला म्हणाली. "अप्पा, खरं सांगा, असं कधी खाल्लं होतंत?"

"बरंय," अप्पा म्हणाले.

"आजोबांपेक्षा बाबांचं भारी!" नातीने जाहीर केलं आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

अप्पांच्या ओठांवर आलं होतं. माझं आहे ते, मी केलंय! पण मग सकाळी बटण कुणी बंद केलं, तेही सांगावं लागलं असतं. ते पाणी प्यायले.

जावयाने मांसावरचा खरपूस पापुद्रा काट्याने उचलला, उलटून पाहिला. झाकणाखाली वाफेत शिजलेल्या मांसाला असा पापुद्रा धरत नाही, एवढं दोन आठवड्यांत त्यालाही कळलं होतं. मग त्याची नजर अप्पांच्या मनगटावर गेली. तिथे तेल उडून आलेला ताजा फोड होता. अप्पांनी बाही खाली ओढली.

"भांड्याला हळूहळू जमायला लागलंय," जावई म्हणाला आणि ताट पुसून खाल्लं.

पुढच्या गुरुवारी मोटरसायकल कोपऱ्यावरून वळली तसे अप्पा स्वयंपाकघरात गेले. लाल दिवा लागलेला नव्हता. त्यांनी झाकण उचललं. भांडं रिकामं होतं, आत वायर नीट गुंडाळून ठेवलेली. मांस फ्रिजमध्ये. शेगडीवर अप्पांचं जाड बुडाचं पातेलं.

अप्पांच्या छातीत काहीतरी पुन्हा जळायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

"उपकार करतोय मेला," ते पुटपुटले. "आणि ठेवलंय कुठे, तर लहान शेगडीवर!"

त्यांनी पातेलं उचलून मोठ्या शेगडीवर ठेवलं.